विंडमिल पिचिंग : सुधारलेला दोष पुन्हा पुन्हा का परततो?

दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलींना सॉफ्टबॉलमधील विंडमिल पिचिंग, म्हणजे हात खांद्याभोवती पूर्ण गोल फिरवून चेंडू खालून टाकणे, शिकवताना एक तक्रार इतक्या वेळा पुढे येते की तिच्यावर सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. मुलगी काही दिवस उत्तम पिचिंग करते, कॅचरला (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारीला) ग्लव्ह फारसा हलवावाही लागत नाही. मग एके दिवशी चेंडू बॅटरच्या डोक्यावरून किंवा होम प्लेटच्या (बॅटरशेजारी जमिनीत बसवलेल्या पट्टीच्या) बाहेरून जाऊ लागतो. प्रशिक्षक "मनगट झटक", "चेंडू आधी सोड" असे सांगतात, त्या संध्याकाळपुरता फरक पडतो आणि पुढच्या आठवड्यात तोच दोष, बहुधा अधिक पक्का होऊन, परत येतो. पालकांना वाटते की मुलीचे लक्ष नाही. मुलीला वाटते की आपल्याला हे जमणारच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

दोष हाताशी दिसतो म्हणून उपाय हातावर केला जातो, हे या आवर्तनाचे खरे कारण आहे. हात वर्तुळाच्या माथ्यावर आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा अगदी लहान अंश जातो, आणि तेवढ्या अवधीत मनगटाने किंवा बोटांनी जाणीवपूर्वक काही दुरुस्त करणे कोणालाही शक्य नसते. त्या क्षणी हात जे करतो ते आधी पायांनी, कंबरेने आणि खांद्याने ठरवून टाकलेले असते. म्हणून हालचालींच्या क्रमात जो दोष सर्वांत आधी घडतो तो शोधावा, त्याच्यावरच काम करावे आणि तो सुटेपर्यंत नंतरच्या दोषांविषयी मुलीशी बोलू नये. हे पथ्य न पाळल्यामुळेच मुलीच्या डोक्यात एकाच वेळी चार सूचना गर्दी करतात आणि तिचा हात आखडतो.

पुढील वर्णन उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलीचे आहे. डावखुऱ्या मुलीसाठी बाजू उलट कराव्यात. हाताची जागा सांगण्यासाठी तिसऱ्या बेसच्या, म्हणजे होमकडे तोंड केलेल्या पिचरच्या उजव्या, बाजूने पाहणाऱ्याच्या दृष्टीने घड्याळाचे आकडे वापरले आहेत : हात होम प्लेटकडे पुढे असेल तर तीन, डोक्यावर असेल तर बारा, मागे सेकंड बेसकडे असेल तर नऊ आणि मांडीजवळ खाली असेल तर सहा.

निदान

मोबाइलवर साध्या गतीने घेतलेल्या चित्रणात हात केवळ पुसट पट्ट्यासारखा दिसतो. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारी संथगतीची सोय असते, ती वापरावी. एकदा तिसऱ्या बेसच्या बाजूने आणि एकदा कॅचरच्या मागून, जाळीच्या आड सुरक्षित उभे राहून, प्रत्येकी दहा-बारा चेंडूंचे चित्रण करावे. एका वाईट चेंडूवरून निष्कर्ष काढू नये. सर्व चेंडू उंच जात असतील तर हात सुटण्याच्या जागेपलीकडे गेल्यावर चेंडू सुटतो आहे, सर्व खाली पडत असतील तर तो आधीच सुटतो आहे, एवढे नक्की म्हणता येते. चेंडू कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जात असतील तर सोडण्याची वेळ हा प्रश्नच नाही. हाताचा मार्ग शरीरापासून भरकटतो आहे. मात्र ही माहिती केवळ दिशा दाखवते. कारण शोधण्यासाठी चित्रण जमिनीपासून वर असे पाहावे : आधी पाऊल, मग गुडघा, कंबर, खांदा, कोपर आणि अगदी शेवटी मनगट.

पाऊल आणि त्याखालची माती

पिचिंग प्लेटच्या (पिचर जिच्यावरून चेंडू टाकते त्या पट्टीच्या) मध्यापासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत चुन्याची सरळ रेघ ओढावी आणि मुलीला त्या रेघेवरून टाकू द्यावे. पिचिंग प्लेट २४ इंच रुंद असते आणि पुढचे पाऊल त्या रुंदीच्या आतच पडले पाहिजे असा नियम आहे, परंतु नियमात बसणारे पाऊल तंत्रात बसतेच असे नाही. डावे पाऊल रेघ ओलांडून उजवीकडे पडले तर कंबर हाताच्या वाटेत येते आणि हाताला तिला वळसा घालून जावे लागते. या वळशात चेंडू लवकर सुटला तर उजवीकडे जातो, आणि मुलीने तो सावरण्यासाठी ओढला तर डावीकडे जातो. "हिचा चेंडू कुठेही जातो" असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा अनेकदा मूळ एवढेच असते. पावलाची बोटे होमकडे सरळ असू नयेत आणि पूर्ण आडवीही असू नयेत. तिसऱ्या बेसच्या दिशेने ३० ते ४५ अंश वळलेले पाऊल बहुतेक मुलींना मानवते.

येथे इंदूरच्या मैदानांविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण दोष परत येण्याचे एक कारण आपल्या पायाखालीच आहे. माळव्याची काळी माती एप्रिल-मे महिन्यांत दगडासारखी कठीण होऊन तडकते आणि जुलैमध्ये बुटाला चिकटून पावलाचे वजन वाढवते. प्लेटच्या पुढे, जेथे सर्व मुलींची पावले पडतात तेथे, थोड्याच दिवसांत खड्डा होतो. तो खड्डा बहुधा संघातल्या सर्वांत उंच मुलीच्या ढांगेच्या मापाचा असतो, त्यामुळे लहान मुलीचे पाऊल त्याच्या अलीकडच्या काठावर पडते आणि घोटा मुरगळू नये म्हणून ती नकळत ढांग आखूड करते किंवा बाजूला टाकते. दुसऱ्या मैदानावर तिचे पिचिंग ठीक होते, घरच्या मैदानावर बिघडते, आणि आपण मात्र तिच्या मनगटाकडे पाहत राहतो. प्रत्येक सरावापूर्वी खड्डा मुरूम घालून, किंचित पाणी शिंपडून, धुम्मसाने दाबून घ्यावा. प्लेटची पुढची कडा उचललेली असेल तर तीही बसवून घ्यावी, कारण प्लेटवरून घसरलेला मागचा पाय मुलगी पुढे पुन्हा रोवते आणि तेथून ढकलते. ते नियमबाह्य आहे आणि त्याची सवय लागली की सुटायला फार त्रास होतो.

पाऊल टेकते तेव्हा हात बारा आणि नऊ यांच्या दरम्यान असावा. टेकलेल्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला परंतु घट्ट हवा, कारण शरीराचा पुढचा वेग तेथे अडतो म्हणूनच तो हाताकडे जातो. गुडघा खचला की डोके पावलाच्या पुढे निघून जाते, कंबरेतून वाक येतो आणि चेंडू सुटण्याची जागा दर वेळी बदलते. याला उपाय म्हणून मुलीला प्रत्येक चेंडूनंतर पुढच्या पायावर दोन क्षण स्थिर उभे राहायला सांगावे. ती पुढे धडपडली तर ढांग तिच्या ताकदीपेक्षा लांब आहे. अशा वेळी ढांग कमी करावी आणि पायांचे व्यायाम वाढवावेत. बाकी काही सांगू नये.

कंबर बंद करण्याची घाई

"कंबर बंद कर" किंवा "दार लाव" ही सूचना आपल्याकडे जुन्या प्रशिक्षकांकडून चालत आली आहे आणि ती प्रामाणिक हेतूने दिली जाते, तरीही तिने नुकसान अधिक केले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. हात बारावर असताना मुलीची छाती तिसऱ्या बेसकडे असते. तेथून चेंडू सुटेपर्यंत कंबर साधारण अर्धीच होमकडे वळलेली असावी; उरलेले वळण चेंडू सुटल्यानंतर आपोआप पूर्ण होते. चेंडू सुटण्यापूर्वीच कंबर पूर्ण बंद करायला शिकवले तर उजवा खुबा हाताच्या वाटेत उभा राहतो आणि रेघेवर नेमके पाऊल टाकूनही वर सांगितलेला वळसा निर्माण होतो. संथगती चित्रणात चेंडू सुटण्याच्या क्षणी दोन्ही खुबे होमकडे तोंड करून दिसत असतील तर मुलीला कंबरेविषयी काहीही न सांगता मागच्या पायाने जोरात ढकलायला आणि त्या पायाचा चवडा रेघेवरून ओढत आणायला सांगावे. ढकलणे सुधारले की कंबरेचे वळण योग्य वेळी होऊ लागते.

क्रिकेटचा हात

इंदूरच्या मुली सॉफ्टबॉलच्या मैदानावर येतात तेव्हा त्यांचा हात कोरा नसतो. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला त्या शहरात, रामबागेत असो वा लोकमान्यनगरात, घरातले काका-बाबा मुलीला अंगणात पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे कोपर सरळ ठेवून चेंडू टाकणे. क्रिकेटच्या नियमांमुळे ते योग्यच आहे. विंडमिलमध्ये मात्र हाच ताठ हात मुलीचा शत्रू होतो. बारापासून खाली येताना कोपर किंचित वाकलेले आणि सैल असावे लागते, कोपर पुढे आणि चेंडू त्याच्या मागे असा क्रम लागतो, आणि शेवटी कोपराखालचा भाग गोफणीतल्या दगडासारखा मागून सुटतो. वेग तेथून येतो. ताठ हात खांद्यातून एकसंध फिरतो, त्यामुळे चेंडू हळू जातो आणि तो सोडण्याची नेमकी वेळ साधणे फार कठीण होते.

हा दोष नऊच्या स्थानी पाहावा. तळहात जमिनीकडे आणि चेंडू सेकंड बेसकडे तोंड करून असेल तर मुलगी चेंडू वरून खाली दाबते आहे. तळहात आकाशाकडे किंवा तिसऱ्या बेसकडे वळलेला असेल तर कोपराला पुढे येण्याची मोकळीक मिळते. सरावासाठी मुलीला जाळीपासून सात-आठ फुटांवर, छाती तिसऱ्या बेसकडे करून उभे करावे, हात नऊवर, तळहात वर, आणि तेथून फक्त खाली सोडायला सांगावे. वर्तुळ नाही, ढांग नाही. हात कंबरेजवळून जाताना कोपराखालचा आतला मांसल भाग खुब्याला हलकेच घासतो आणि त्याच क्षणाच्या आसपास चेंडू सुटतो. हा स्पर्श जमला की हाताला सोडण्याची जागा दर वेळी सापडते, म्हणून या एका सरावावर आठवडे घालवले तरी ते वाया जात नाहीत.

नेमका याच स्पर्शापाशी आणखी एक अडथळा असतो, आणि मुली तो आपणहून सांगत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत मनगटाचे किंवा कोपराचे हाड खुब्याच्या हाडावर आपटते, काळे-निळे पडते, आणि मग मुलगी दुखू नये म्हणून कोपर शरीरापासून दूर फेकू लागते. वरवर पाहणाऱ्याला केवळ कोपर बाहेर गेलेले दिसते आणि तो "कोपर आत ठेव" म्हणतो. मुलीला विचारावे : "लागतं का गं कुठे?" "हो ताई, इथे," असे म्हणून तिने हाड दाखवले तर स्पर्शाची जागा चुकते आहे, किंवा तिचा तळहात उशिरा वळतो आहे. पुन्हा जाळीजवळ जाऊन, कमी जोराने, मांसल भाग घासेपर्यंत सराव करावा. सैल कुर्ता, खिशातला रुमाल, कंबरेला बांधलेली ओढणी यांतही हात अडकतो. टी-शर्ट आत खोचलेला असावा.

याच संदर्भात एक गोष्ट प्रशिक्षकांनी गांभीर्याने घ्यावी. अकरा-बारा वर्षांच्या वयात अनेक मुली संकोचाने खांदे पुढे पाडून चालू लागतात, आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पाहत असतील तर त्या छाती तिसऱ्या बेसकडे मोकळी करून उभ्या राहतच नाहीत. हा तंत्राचा दोष मानून ओरडण्याने काहीही साध्य होत नाही. सरावाची जागा बदलावी, मुलींना अंगाला नीट बसणारे आरामदायक क्रीडावस्त्र मिळेल हे त्यांच्या आयांशी बोलून पाहावे, आणि कंबर किंवा खांदा हाताने धरून वळवण्याऐवजी स्वतः करून दाखवावे किंवा संघातल्या मोठ्या मुलीकडून दाखवून घ्यावे.

मनगट, आणि "कोपर वर ने"

वरचे सर्व तपासून झाल्यावरच मनगटाकडे यावे, आणि तेव्हा लक्षात येते की त्याच्याविषयी सांगण्यासारखे फार थोडे उरले आहे. गुडघ्यावर बसून केवळ मनगट झटकण्याचे जे सराव तासन्‌तास करवून घेतले जातात ते हाताला खोटी सवय लावतात, कारण प्रत्यक्ष पिचिंगमध्ये कोपराखालचा हात आतल्या बाजूला वळतो आणि मनगट त्याच्या मागोमाग जाते. चेंडू सुटल्यावर मुद्दाम कोपर खांद्याच्या उंचीवर उचलून थांबणे हेही तसेच. अशी उचल करण्याच्या प्रयत्नात मुलगी चेंडू सुटण्याआधीच हात वर खेचू लागते, आणि सततच्या उंच चेंडूंचे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. चेंडू सुटल्यावर हात सैल होऊन शरीरासमोरून जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यावा.

चेंडू, अंतर आणि वाढते वय

कधी कधी मुलीच्या तंत्रात काहीच चुकलेले नसते. प्रमाण चेंडूचा परीघ १२ इंच असतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या बोटांत तो मावत नाही, ती तो तळहातात दाबून धरते आणि तो दर वेळी वेगळ्या वेळी सुटतो. दहा वर्षांखालील मुलींसाठी ११ इंची चेंडू असतो, तोच द्यावा. अंतराचेही तसेच आहे. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिचिंगचे अंतर ४३ फूट असते, लहान मुलींसाठी ते ३५ फुटांपासून सुरू होते. मैदानावर एकच प्लेट ठोकलेली असते म्हणून सर्व वयाच्या मुलींनी तेथूनच टाकावे, ही आपली पद्धत चुकीची आहे. अंतर झेपत नसलेली मुलगी चेंडू पोहोचवण्यासाठी मागे झुकते, उजवा खांदा खाली पाडते आणि चेंडूला कमान देते. तिला पुढे आणल्यावर दोष त्याच दिवशी गेला तर दुसरे निदान शोधू नये.

बाराव्या-तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते आणि हातापायांची लांबी बदलते, त्यामुळे वर्षभर नेमके टाकणारी मुलगी अचानक बिघडल्यासारखी वाटते. या काळात तंत्रात बदल करणे ही मोठी चूक ठरते. अंतर काही आठवडे कमी करावे, जाळीजवळचा सराव वाढवावा आणि पालकांना हे कारण मोकळेपणाने समजावून सांगावे, म्हणजे घरी मुलीला बोलणी खावी लागत नाहीत.

नेमकेपणाची घाईही याच सदरात येते. "हळू टाक, पण नेमका टाक" असे लहान मुलीला सांगितले की ती चेंडूला हाताने वाट दाखवू लागते आणि सैलपणा हरवतो. पहिली एक-दोन वर्षे तिला जाळीत जोराने टाकू द्यावे. चेंडू जाळीच्या कोणत्या कोपऱ्यात गेला याची चौकशी करू नये.

वेदना आणि चेंडूंची संख्या

खालून टाकणे नैसर्गिक असते म्हणून विंडमिलने खांदा दुखावत नाही, असा समज खेळाडूंमध्येही आढळतो. तो खोटा आहे. हात खाली येताना खांद्याच्या सांध्यावर हात बाहेर खेचणारा फार मोठा ताण पडतो आणि दंडाच्या पुढच्या स्नायूला वरून फेकण्यापेक्षाही अधिक काम करावे लागते. म्हणून विंडमिल टाकणाऱ्या मुलींचा खांदा बहुधा पुढच्या बाजूने दुखतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवले, हे मुलींना अभिमानाने सांगावे. परंतु वाढत्या वयाच्या मुलीसाठी तो दाखला म्हणून वापरू नये. दहा वर्षांखालील मुलीसाठी एका सामन्यात ५०, दहा ते बारा वयासाठी ६५ आणि तेरा-चौदा वयासाठी ८० चेंडू ही वरची मर्यादा मानावी, आणि सलग तिसऱ्या दिवशी पिचिंग करू देऊ नये. आंतरशालेय स्पर्धेत संघाकडे एकच पिचर असते तेव्हा हे पाळणे अवघड जाते याची जाणीव आहे, पण त्यावर उपाय दुसरी पिचर घडवणे हाच आहे. दुखणाऱ्या खांद्याने टाकणारी मुलगी दुखणे चुकवण्यासाठी हाताचा मार्ग बदलते आणि सहा महिन्यांचे काम एका आठवड्यात मोडते. "थोडंसंच दुखतंय" असे तिने म्हटले तरी त्या दिवशी चेंडू काढून घ्यावा आणि दुखणे चार-पाच दिवसांत गेले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सामना चालू असताना

सामन्यात दोष उपटला तर बाहेरून ओरडून सूचना देऊ नयेत. वेळ मागून तिच्याजवळ जावे, प्लेटपुढचा खड्डा तिच्याबरोबर पायाने भरून घ्यावा, आणि पाऊल कोठे टाकायचे एवढेच सांगून परत यावे. खड्डा भरण्याने पाऊल खरोखर सुधारते आणि तिला श्वास घ्यायला अर्धा मिनिट मिळतो. त्यानंतरही लागोपाठ दोन बॅटर चार-चार बॉलवर (बाहेर गेलेल्या चेंडूंवर) पहिल्या बेसला गेल्या तर पिचर बदलावी, पण मुलीला बाकावर न बसवता दुसऱ्या जागी खेळवावे. त्या सामन्याचे चित्रण तिला लगेच दाखवू नये. प्रशिक्षकाने ते आधी स्वतः पावलापासून वर पाहून पहिला दोष नोंदवून ठेवावा, आणि पुढील सराव २० फुटांवरून, कॅचरशिवाय, जाळीसमोर सुरू करावा.